कोरड्या बोअरचे लोक

निंगप्पाच्या घरी नारळ कधी विकत आणावा लागला नाही. सोमवार उजाडला की सोलापुरात होटगी रस्त्याकडच्या त्याच्या दोन खोल्यांपुढे मोटारसायकली लागायच्या. बोअरला पाणी लागलेले लोक नारळ, टॉवेल-टोपी घेऊन यायचे, पाणाड्याच्या पाया पडायचे. तळहातावर आडवा धरलेला नारळ, खाली पाणी असलं की उभा राहतो, ही त्याची विद्या.

ज्यांना नुसता फुफाटा लागला, ते येत नसत. पाणाड्याच्या दारात जाऊन भांडणार कोण? त्यांच्या बायका मात्र बाजारात निंगप्पाच्या बायकोला, रंभाबाईला गाठत. तुमच्या मालकांनी आमच्या रानाची चाळण केली, असं एकीनं कांदे निवडता निवडता, मान वर न करता सुनावलं होतं. नवऱ्याला सगळे ओले भेटत, बायकोला सगळे कोरडे. तिनं घरी सांगितलं की तो म्हणायचा, हातभर सरकून मारलं असंल त्यांनी. तो खोटं बोलत नव्हता, याचाच तिला संताप येई. लबाड असता तर तिला सोपं गेलं असतं.

यंदा मोहोळजवळ जावयाची डाळिंबं वाळायला लागली. नंदीशची ऐपत एकाच बोअरची. लागलं तर बाग राहणार, नाहीतर लेकीनं, शिवलीलेनं, संसार उचलून पुण्यात कुठल्यातरी कंपनीच्या दारात जायचं. निंगप्पानं बांधालगत नारळ उभा करून चुन्याची फुली मारली. ओढ्याकडच्या जुन्या विहिरीला उन्हाळ्यातही ओल असते, तिथं मारा, असं रंभाबाई घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होती. कुणी ऐकेना. शेवटी ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

"डोळं बांदून परत चाला. जागा खरी असंल तर नारळ तितंच उटंल की."

निंगप्पा हसला. शिवलीलेनं ओढणीनं त्याचे डोळे बांधले, त्याला दोनदा गोल फिरवलं. तो चालू लागला. चुन्याच्या फुलीवरून गेला. नारळ आडवाच. पार पलीकडे, गोठ्यापाशी, नारळ उभा राहिला.

रंभाबाईनं लेकीकडं बघितलं. शिवलीलेचा चेहरा उजळला होता.

"अव्वा, दोन झरे हायत की हितं."

नंदीशनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. डोळे बांधून सापडलेली जागा जास्त खरी. तिथं माणूस चालत नसतो, देव चालवतो.

बोअरची गाडी आली. संध्याकाळपर्यंत भोकातून पांढरा धुरळा उडत राहिला आणि डाळिंबाच्या पानांवर बसत राहिला. मशीन थांबलं तरी पाण्याचा थेंब नव्हता. मग निंगप्पाच हळू आवाजात म्हणाला, "फुलीवर मारायला पायजे हुतं. हिनं डोळं बांदायला लावलं, तितंच मन हाललं."

सगळे तिच्याकडं वळले.

"मामी, तुमी मदी पडला नसता तर," नंदीश म्हणाला आणि पुढचं त्यानं गिळलं. शिवलीला भोकाकडंच बघत राहिली. आईकडं तिनं मान वळवली नाही.

परतीच्या एसटीत रंभाबाई नवऱ्यापासून दोन बाकं सोडून बसली. राग नवऱ्यावर होता, जावयावर होता, पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता. डोळ्यांनी बघितलं की माणूस मानतो, असं या वयातही तिला वाटलं होतं. त्यांनी बघितलं होतं, आणि बघता बघताच दुसरं काहीतरी रचलं होतं.

सोमवारी जेऊरहून एक अनोळखी माणूस नारळ घेऊन आला. त्याला रानात जागा दाखवून हवी होती. रंभाबाई दारातच आडवी आली. आतल्या निंगप्पाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं की ह्यांनी स्वतःच्या लेकीच्या रानात जागा दाखवली आणि थेंब लागला नाही, बाग गेली, लेकीनं बोलणं तोडलं.

तो माणूस जरा विचारात पडला. मग त्याचा चेहरा सैल झाला.

"घरच्या मानसाला इद्या लागू पडत नसती, वैनी."

त्यानं चपला काढल्या. रंभाबाई उंबऱ्यावरून हलली नाही.