स्टार्टरवाल्याचा मीटर

जिल्ह्यात दुसरं कोणी सापडेना, म्हणून नवीन जालन्यात विहिरीच्या मोटरींचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्याकडे मी माझा जुना सिंथेसायझर नेला. त्याला तारा जोडून त्यावरून दुसरं वाद्य वाजवायचं होतं. एका तारेतल्या व्होल्टनं सूर कोणता ते सांगायचं, दुसरीनं पट्टी दाबली की सोडली ते.

"म्हंजे स्टार्टरच की," म्हणत त्यानं आधी आवाज बंद केला. तारा काढून, गालात सुपारी धरून एकेक पट्टी मीटरवर मोजली. व्होल्ट बराबर चढत होते. एका पट्टीवर आकडा चुकला, तसा तो थांबला.

"ही खोटं बोलून राह्यली."

"वीस वर्षं लग्नांत वाजवतोय. कोणी बोललं नाही."

"सगळे जेवायला गेल्ते, मास्तर."

त्यानं एकही सूर ऐकला नाही. तरी इतकं लक्ष देऊन मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.