सोयाबीनच्या पानातला जाड पट्टा

त्या वर्षी पावसानं मोठी ओढ दिली होती. सोयाबीनचं पान पाण्याविना तग कसं धरतं, हेच मी बीडच्या कॉलेजात पीएचडीसाठी शोधत होते. पानं जवळच्या पाली गावची, आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांच्या शेतातली. मामा तिथले परिचर, निवृत्तीला आलेले. पानं गोठवायला लागणारा द्रव नायट्रोजनही तेच जनावरांच्या दवाखान्यातून मागून आणत; तिथं गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात ठेवतात.

"गाय हाय का म्हैस?" तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं.

"सोयाबीन," मामा म्हणाले.

पानातली प्रथिनं जेलवर, म्हणजे एका पातळ पारदर्शक थरात, वेगळी करून रंगवली की निळे पट्टे उमटतात. माझ्या जेलवर मात्र दर वेळी एकच जाड पट्टा माजलेला दिसे. ते रुबिस्को, हवेतला कार्बन धरणारं प्रथिन. हिरव्या पानात तेच सगळ्यात जास्त असतं, आणि मला तेच काढून टाकायचं होतं.

"मग तेच कावून काढून टाकायलात?" मामांनी विचारलं.

"त्याची माहिती सगळ्यांना आहे, मामा. कोरड्यात धावपळ करणारी प्रथिनं थोडी असतात. ती याच्याआड झाकून जातात."

उपाय सोपा होता. पानांच्या अर्कात कॅल्शियम आणि फायटेट ही दोन रसायनं घालून तो बेचाळीस अंशांवर दहा मिनिटं ठेवायचा, म्हणजे रुबिस्को साकळून खाली बसतं. पण नेमकं त्याच सकाळी पाणी ठरावीक तापमानाला ठेवणारं यंत्र बिघडलं. पारा पन्नाशीच्या वर निघाला. दुरुस्तीवाला आठ दिवसांनी येणार होता, आणि माझा अर्क बर्फात तयार होता. मी स्टुलावर बसून राहिले.

मामांनी आपला स्टीलचा थर्मास उघडला. सगळा चहा आम्ही दोघांनीच संपवला. मला तीन कप प्यावे लागले. मग त्यांनी तो घासून स्वच्छ केला.

"ह्यात चहा दुपारपर्यंत गरम राहतो, ताई. तुमाला धाच मिनिटं पायजेत."

किटलीतलं गरम पाणी, नळाचं गार, मध्ये थर्मामीटर. बेचाळीस जुळायला बराच वेळ गेला. अर्काच्या नळ्या दोऱ्यानं बांधून आत सोडल्या, झाकण लावलं. दहा मिनिटांनी पारा जेमतेम अर्धा अंश उतरला होता. मग नळ्या दुसऱ्या यंत्रात गरगर फिरवल्यावर तळाशी पांढरट साका बसला. वरचं पाणी मी हळूच काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेल उजेडावर धरली. जाड पट्ट्याची फिकट खूण तेवढी उरली होती, आणि वरखाली बारीक रेषाच रेषा. मी मोजायला लागले; दर वेळी आकडा वेगळा येई.

मामा चष्मा लावून वाकले. "बारकी लई निघाली की." मग ऑफिसातल्या क्लार्कला बोलावून आणलं. "बघा, आमच्या शेतातलं हाय."

पुढं पाणी दिलेल्या पानांशी ताडून पाहिलं, तेव्हा कोरड्या पानांत दोन रेषा जास्त ठळक निघाल्या. तीन महिने मी त्या दोघींच्याच मागं होते, आणि मजेत होते.