तुपात थबथबलेलं पहिलं पान

तुपाचा वास आला की अजूनही मला नकोसं होतं. कुंभकोणमला राहून, भजनाच्या घरात नांदून असं बोलू नये म्हणतात. पण नकोसं होतं त्याला मी काय करू?

आमचे हे दर शनिवारी मठात भजन चालवतात. भजन संपलं की पंगत. आणि पंगतीची रीत अशी की ज्यानं भजन चालवलं त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. गुळाचा पोंगल, म्हणजे मूगडाळ घातलेला गोड भात, वर तुपाची धार, अगदी मनगटापर्यंत ओघळणारी. सगळी पंगत यांच्या तोंडाकडे बघत ताटकळलेली.

मागल्या वर्षी यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि इकडच्या रीतीनं मला मामी म्हणत तमिळमध्ये सोपं करून सांगितलं, "मामी, रक्तात चरबी एकटी फिरत नाही. तिला धरून नेणारी प्रथिनं असतात. यांच्यात ती फार वाढलीत. तीच चरबी नेऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसवतात. गोळी रोज, तूप बंद. या वयात दुसरा झटका झेपायचा नाही."

डॉक्टरांचं बोलणं यांनीही ऐकलं. घरी निमूटपणे कोरडा भात खायचे. शनिवारी मात्र पुन्हा तेच. "मी घास घेतला नाही तर एवढी माणसं उपाशी राहतील गं," म्हणायचे, तोंड बिचारं करून. मला खरंच कीव यायची यांची. राग यायचा तो वाढणाऱ्यांचा. "देवाचं तूप बाधत नाही, मामी," म्हणायचे मेले, स्वतःच्या ढेरीवरून हात फिरवत. घरी आल्यावर यांच्या बोटांच्या पेरांत ते तूप पांढरं थिजलेलं दिसायचं. शी! आतही हे असंच साचत असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जायचा नाही.

एका शनिवारी मी लाज सोडली. बायकांच्या रांगेतून उठले, यांच्या शेजारी बसले आणि यांचं पान माझ्यापुढे ओढलं. प्रसाद टाकता येत नाही, म्हणून खाल्ला. डोळे मिटून तुपासकट गिळला.

"पहिला घास झाला," मी म्हटलं. "अर्धांगी आहे मी यांची. जेवा आता."

पंगतीतल्या एका म्हाताऱ्या मामांनी मान डोलावून भात कालवला, त्यांच्यामागून सगळे जेवायला लागले. सुटले बाई एकदाची, असं वाटलं मला.

यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंगत मजेत जेवत होती. यांच्यावाचून कुणी खोळंबलं नव्हतं, कुणी आग्रहही करत नव्हतं. यांनीच वाढणाऱ्याला हाक मारली.

"मला दुसरं पान आण," हे म्हणाले. "आणि तूप घालताना हात आखडू नकोस."

पान आलं, यांनी घास घेतला आणि बोटं चाटली. मला यांचीच शिसारी आली, आणि पदर तोंडात कोंबून मी तिथंच रडले.