दाराकडे तोंड केलेली खुर्ची

गल्लीत लहानथोर सगळे त्यांना चाबूकमामा म्हणतात. हे नाव ऐकून नवा माणूस जरा दबकतो, कारण मामा आहेत सलूनवाले, आणि हातात वस्तरा धरणाऱ्याच्या नावातही चाबूक असेल तर गिऱ्हाइकाने समजायचं तरी काय? पण नाव पडलं ते त्यांच्या कापडावरून. एकाची कटिंग झाली की मामा त्याच्या अंगावरचं पांढरं कापड काढायचे, दोन कोपरे चिमटीत धरायचे आणि मनगटाला असा काही हिसका द्यायचे की कापड हवेत फुलून चाबकासारखं कडाडायचं. केस दारात पडायचे आणि आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. समोरची इस्त्रीवाली ताई तर त्या आवाजावरून लोकांना सांगायची की जा, मामांची खुर्ची रिकामी झाली.

हा हिसका त्यांना वडिलांनी शिकवलेला. खरं सांगायचं तर मामांची कटिंग बेताचीच. निम्मी गल्ली एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसते. पण असं कापड झटकणारा दुसरा कारागीर शोधून सापडायचा नाही, आणि मामांना त्याचा गर्व होता.

ताईचा धाकटा भाऊ सैन्यात ट्रक चालवायचा. लढाई संपून तो परत आला तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर उभी होती. टाळ्या झाल्या, फोटो झाले, पाठीवर थापा पडल्या. प्रत्येक थापेला तो दचकत होता, हे ताईशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लोक आपापल्या कामाला लागले, आणि फौजी (हे नाव गल्लीनेच ठेवलेलं) इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत दार-खिडकी बंद करून बसला तो बसलाच; मामांचा कडाकाही तिथे दबूनच पोचायचा. त्याच्या ट्रकजवळ स्फोट झाला होता. डावा कान कायमचा गेला होता, आणि उजवा कान रात्रंदिवस पहाऱ्यावर असायचा. केस खांद्यावर आले, दाढी छातीवर आली. ताई कात्री घेऊन मागे उभी राहिली की तो तिचा हात हळूच बाजूला सारायचा.

शाळेच्या बसवर चालक हवा होता आणि शाळेने ती जागा त्याच्यासाठी अडवून ठेवली होती. पण माणूस आधी खोलीबाहेर तर पडायला हवा. ताईने हे मामांच्या कानावर घातलं. मामा छाती फुगवून म्हणाले, आणा त्याला माझ्याकडे, डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस निम्मा बरा होतो. भावाला कबूल करायला ताईला किती नाकदुऱ्या काढाव्या लागल्या ते तिचं तिलाच ठाऊक. एका दुपारी तो तिचा हात धरून तेवढा एक रस्ता ओलांडून आला.

मामांनी त्याला मोठ्या अगत्याने बसवलं, आरशासमोर, दाराकडे पाठ करून. एवढ्या मोठ्या माणसाला रोजचं कापड कसं घालायचं? त्यांनी कपाटातलं कोरं, खळ घातलेलं कापड काढलं. त्याच्या मागे, डाव्या अंगाला उभे राहिले आणि आयुष्यात कधी दिला नव्हता असा हिसका दिला. मानच द्यायचा होता हो त्यांना.

पुढच्या क्षणी खुर्ची आडवी होती, फळीवरच्या बाटल्या खाली येत होत्या आणि मामा फरशीवर पालथे पडले होते. आधी त्यांना वाटलं, याने आपल्याला मारलं. मग कळलं की पाठीवर वजन आहे ते फौजीच्या अंगाचं, आणि डोक्यावर जे घट्ट दाबून धरलंय तो फौजीचा हात आहे. तो थरथर कापत होता. त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. पण मामांच्या अंगाचा एक कोपराही त्याने उघडा ठेवला नव्हता.

ताईने धावत येऊन त्याला उठवलं. त्याने मामांकडे पाहिलं नाही. खाली मान घालून रस्ता ओलांडला आणि खोलीचं दार लावून घेतलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मामांना झालं. ताई रागावली असती तर सोसलं असतं. ती फक्त म्हणाली, "इथवर आला होता, मामा." आणि काचा गोळा करायला वाकली.

त्या दिवसापासून मामांच्या डोक्यातून तो हात जाईना. भीतीने अर्धमेला झालेला माणूस, आणि पहिल्यांदा त्याने झाकलं ते कुणाला? तर ज्याने भेवडावलं त्याला! शूरपणाच्या गोष्टी मामांनी पुष्कळ ऐकल्या होत्या, सलूनमध्ये त्यांना काय तोटा. पण शूरपणाचं वजन त्यांनी असं पाठीवर कधी पेललं नव्हतं. नुसत्या आठवणीनेही ते मधेच कात्री थांबवून उभे राहत.

मग एका सकाळी त्यांनी खुर्चीचे स्क्रू काढले आणि खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसवली. आरसा पाठीमागे गेला. ज्याला हवा त्याच्या हातात छोटा आरसा मिळू लागला. कापड झटकणं बंद झालं. ते आता परसात जाऊन बादलीवर हळूच पुसून आणायचं. आणि सगळ्यात कहर म्हणजे मामा बोलू लागले. समोर उभं राहून, प्रत्येक गिऱ्हाइकाला, प्रत्येक वेळी: "आता उजव्या कानाजवळ कात्री आणतोय. आता मानेवर हात ठेवतोय. आता थंड पाणी लागेल." रेडिओवर सामना लागावा तसं दिवसभर चालायचं. गल्लीने हसून घेतलं. कुणी म्हणालं, मामांचं मनगट गेलं. कुणी म्हणालं, आरसा न दाखवता काम चाललंय, केसाने गळा कापायचा बेत दिसतोय. पिठाच्या गिरणीवाल्याने तर विचारलं, की माझा कान कुठे आहे ते मला माहीत आहे, रोज काय सांगता? मामा म्हणाले, "तुझ्यासाठी नाही सांगत. माझ्या जिभेला वळण लावतोय. तो आला आणि एकदा जरी विसरलो, तर पुन्हा यायचा नाही."

कारण जित्याची खोड. हात दिवसातून कितीदा तरी आपसूक हिसका द्यायला निघायचा आणि मामा तो मधेच आवरायचे. एखाद्याने आयुष्यभर बोलावं आणि मग मौन धरावं, तसं ते होतं. तो येईल की नाही याची काही खात्री नव्हती. हे सगळं बोडक्यावर तेल लावण्यासारखंच, असं मामांच्या बायकोने स्पष्ट सांगितलं.

पण खोलीच्या बंद खिडकीला काच होती आणि पुढचं इस्त्रीचं दुकान आरपार होतं. दाराकडे वळलेली खुर्ची फौजीला रोज दिसत होती.

तो आला तेव्हा एकटा आला. दारात उभा राहून त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग मामांच्या दोन्ही हातांकडे. बसला. मामांनी सगळं सांगत सांगत, उजवीकडून, समोरून, त्याचे केस कापले. फौजीने पूर्ण वेळ खुर्चीचे दांडे सोडले नाहीत. तुमच्या-माझ्यासाठी कटिंग म्हणजे डुलकी काढायची वेळ. हा माणूस तिथे बसून घामाने न्हाला होता आणि तरी बसला होता. मामांना वाटलं, आपण हे पाहायच्या लायकीचे तरी आहोत का?

पुढे फौजीच आपल्यासारख्या, लढाईतून परतलेल्या इतरांना घेऊन येऊ लागला. एका हाताचा सुतार आला. कपाळावरच्या व्रणाला बोट लागू न देणारी, सैन्यातून निवृत्त झालेली नर्सबाई आली, बायकांचे केस कापत नाही म्हणणाऱ्या मामांची बोलती बंद करून बसली. नगरपालिकेचे एक साहेब येऊन सांगून गेले की या सगळ्यांचा मोठा सत्कार करायचाय, व्यासपीठ, ढोल, तोफांची सलामी. मामांनी त्यांचीही हजामत केली आणि तेवढंच विचारलं की तोफा ज्यांच्यासाठी आहेत, त्यांना विचारलंत का? साहेबांनी विचारलं नव्हतं. पुढे सत्कार झाला तो तोफांशिवाय.

आणि मग एका दुपारी फौजी खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मामा, कापड झटका."

मामा नाही जमायचं म्हणाले.

"सोमवारपासून बस घेतोय मी. पोरं दारं आपटतील, डबे पाडतील. सगळी गल्ली माझ्यासाठी दबकून वागते, पण पोरांना कोण सांगणार? आणि का सांगायचं?" त्याने दांडे घट्ट धरले. "पहिला आवाज मला तुमच्या हातचा ऐकायचाय. समोर उभे राहा. मी सांगीन तेव्हा झटका."

मामा समोर आले. कोपरे चिमटीत धरले. फौजीने मान हलवली. पण आवरायची सवय लागलेलं मनगट मधेच आखडलं आणि कापड नुसतंच फडफडून गळालं.

"हा कसला चाबूक?" फौजी म्हणाला. बाकावर टेकलेला सुतार हसला. मामांनाही हसू आलं, आणि हसण्यात मनगट सैल झालं.

दुसरा हिसका गल्लीच्या टोकाला ऐकू गेला.

फौजीचे डोळे मिटले. खांदे कानांपर्यंत आले. उठेल, आता उठेल, असं मामांना वाटलं. तो उठला नाही. दांड्यांवरची बोटं पांढरी पडली आणि हळूहळू परत लाल झाली. मामा हातातलं कापड छातीशी धरून उभे होते. देवळातही त्यांची मान इतकी खाली गेली नव्हती.

समोर ताईने तो आवाज ऐकला, आणि हातातलं होतं तसं टाकून ती रस्त्यात धावली. पण खुर्चीचं तोंड दाराकडे होतं. भाऊ तिला समोरच दिसला, खुर्चीत बसलेला, डोळे उघडे. त्याने दांड्यावरचा एक हात काढला आणि तिला थांब अशी खूण केली. मग मामांना म्हणाला, "अजून एकदा."

तेवढ्यात जळका वास आला. ताईने इस्त्री तशीच टेकवून ठेवली होती आणि तिच्याखालचा शर्ट मामांचाच होता. पाठीवर इस्त्रीएवढा तपकिरी डाग पडला. ताई नवा शर्ट शिवून द्यायला निघाली होती, पण मामांनी हाच मागून घेतला. सोमवारी शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी पहिल्यांदा थांबली, तेव्हा ते तो घालून तिथे उभे होते.