हाफ क्लच

ताईच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. माझा गावाकडचा चुलतभाऊ भावोजींचा कान पिळतोय, आजूबाजूचे सगळे हसताहेत आणि ताई मात्र हॉलच्या दाराकडे बघतेय. ती मला शोधत होती. नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या सख्ख्या भावाचा, आणि सख्खा भाऊ त्या वेळी हॉलमागे कुणा पाहुण्याच्या जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. माइकवरून तीनदा हाक मारली म्हणे. इंजिनाच्या आवाजात मला एकही ऐकू आली नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि एवढ्याशा गोष्टीचं काय ते, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. ताईला तसं वाटत नव्हतं. आमचं भांडण कशावरूनही होवो, फिरून फिरून ते तिथेच यायचं. "कान पिळायच्या वेळेला कुठे होतास?"

म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात ताईच्या मुलीने, माझ्या भाचीने, जाहीर केलं की माझ्या लग्नाला मी हॉलवर मामाच्या गाडीतूनच जाणार, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला तो फोटो आठवला.

ही गाडी माझं एकट्याचं वेड. दोन दारांची, रस्त्याला टेकलेली लाल स्पोर्ट्‌स कार, आधी एका मालकाने वापरलेली. मागे नावाला दोन सीट आहेत, त्यांवर फार तर साड्यांची पिशवी बसते. भावोजी तिला 'सोवळ्यातली गाडी' म्हणतात, कारण तिला खड्डे चालत नाहीत, स्पीडब्रेकर चालत नाहीत, गर्दी तर मुळीच चालत नाही. चिडून मी दर वेळी वाद घालतो, पण त्यांचं म्हणणं खरं आहे.

तिच्यात क्लचचं पेडल नाही, पण क्लच मात्र दोन आहेत. एकाकडे एक-तीन-पाच हे गिअर, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. पंगतीत एक जण भात वाढत असतो आणि दुसरा वरणाचं भांडं घेऊन त्याच्या मागे तयार असतो, तसा हा प्रकार. पहिला गिअर चालू असतानाच दुसरा लागून उभा. रविवारी सकाळी घोडबंदर रोड मोकळा मिळाला की गिअर बदललेला कळतसुद्धा नाही, फक्त इंजिनाचा आवाज एक पायरी खाली उतरतो आणि मला उगाचच हसू येतं. पण पंगत थबकली की दोघे वाढपी एकमेकांच्या पायात येतात. गर्दीत ही गाडी तशी वागते. आचके देते, विचार करत बसते, आणि मुख्य म्हणजे तापते.

मी गाडी शिकलो ती ओळखीतल्या एकाच्या टेम्पोवर, हाफ क्लच करत. पाय धड दाबलेला नाही, धड सोडलेला नाही, चढावर गाडी तशीच लोंबकळत ठेवायची आणि मुंगीच्या पावलाने सरकवायची. डोंबिवलीत ज्याला हाफ क्लच येत नाही त्याला गाडी येत नाही. माझ्या गाडीत हे हाफ क्लचचं काम ती स्वतःच करते आणि त्यात तिचे क्लच घासत राहतात. ते ज्या तेलात बुडालेले असतात ते तेल थंड करायला पुढच्या जाळीमागे एक छोटा रेडिएटर आहे. ठाण्याच्या माझ्या मेकॅनिकने पहिल्याच सर्व्हिसिंगला बजावलं होतं, "साहेब, हिला रांगायला लावू नका. एक तर थांबा, नाहीतर चला. मधलं काही नको." म्हणजे पुढे दोन गाड्यांची जागा होईपर्यंत ब्रेकवर उभं राहायचं आणि मग एकदम निघायचं. आमच्याकडे दोन गाड्यांची जागा सोडली की तिच्यात तीन रिक्षा येतात.

दोन दिवसांनी ताई फोन करून म्हणाली, "ने तिला. गौरीहर साडेदहाला आहे, मुहूर्त अकरा एक्केचाळीसचा. या वेळेला तरी ये."

मी आठवडाभर तयारी केली. डोंबिवलीच्या मानपाड्यातून कल्याण पश्चिमेचा हॉल, एरवी पाऊण तासाचा रस्ता, तो मी दोनदा जाऊन मोजून आलो. फुलवाल्याला सांगितलं, बॉनेटवर लाव, टपावर लाव, पुढच्या जाळीवर एक पाकळी नको. त्याने ऐकलं. ऐकलं नाही ते ताईने. सकाळी वऱ्हाडाची बस सुटायच्या आधी ती खाली आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "नवरीच्या गाडीचं तोंड असं ओकंबोकं?" आदल्या दुपारी शेजारणींबरोबर बसून तिने स्वतः झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण ओवलं होतं, उंबऱ्यावरचं असतं तसं, पण दुप्पट जाड. ते तिने जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळीने घट्ट बांधलं, वर कुंकवाचं बोट लावलं.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. 'ताई, तिथून तिला हवा लागते,' एवढं एक वाक्य. पण ताई माझ्याकडे बघून हसली, आणि माझ्या गाडीकडे बघून ती हसल्याचं मला आठवत नव्हतं. मी गप्प बसलो. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, बस निघून गेली. साडेनऊला मी आणि भाची निघालो. मी दिलेली पिवळी साडी तिच्या अंगावर होती.

कल्याण-शीळ रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे आहेतच. त्या दिवशी पत्र्यांच्या पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. पहिली पंधरा मिनिटं मी नियमाने वागलो. थांबलो, जागा होऊ दिली, निघालो. पण जागा दिसली की रिक्षा शिरायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि तोरणाची झालर वाऱ्याने हलतसुद्धा नव्हती. हळूहळू माझाही धीर सुटला. मी गाडीला रांगायला लावलं. तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलला तेव्हा दहा वाजले होते.

"एसी बंद करतो गं," मी म्हणालो.

"मामा, मेकअप वितळेल माझा." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्वतःच काच खाली केली. "काय झालं? खरं सांग."

"काही नाही. थोडी गरम होतेय."

तिला गाडी मीच शिकवली होती, एमआयडीसीतल्या रविवारच्या ओस रस्त्यांवर, याच गाडीवर. काटा बघून तिला कळायचं ते कळलं. तेवढ्यात ताईचा फोन आला. भाचीने सांगितलं, पत्रीपुलाजवळ आहोत. अजून जवळ नव्हतो.

पत्रीपुलाच्या चढावर लागलो तेव्हा दहा पस्तीस झाले होते. म्हणजे गौरीहराची वेळ गेलीच होती. चढाच्या मधोमध सगळं थांबलं. माझ्या मागे पाण्याचा टँकर, इतका जवळ की आरशात फक्त त्याचा बंपर दिसत होता. काटा लाल पट्टीत जाऊ लागला. लाल पट्टीत गेला की ही गाडी स्वतःला वाचवायला क्लच सोडून देते. मग चढावर उरतो तो फक्त ब्रेक, आणि पुढे सरकायचं म्हटलं तर गाडी सरकतच नाही. मी वीतभर पुढे घ्यायला गेलो, तिने आचका दिला, थरथरली आणि मागे घसरली. मी ब्रेक दाबला. टँकरवाल्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. समोर अक्षरं उमटली, गिअरबॉक्स तापला आहे, सुरक्षित जागी थांबा. पुलावर सुरक्षित जागा कुठली आणणार?

माझ्या डोळ्यांसमोर मुहूर्त नव्हता, तो फोटो होता. ताई दाराकडे बघतेय.

"तोरणामुळे होतंय ना?" भाची म्हणाली.

"हो."

"मग काढ ना."

"तुझ्या आईने बांधलंय. लग्नाच्या आधी तोरण उतरवायचं? काय म्हणेल ती? थोडं बघू, कदाचित पुढे सुटेल."

"मामा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच शिकवलंस ना, एक तर थांबायचं, नाहीतर जायचं? तू कधीपासून हाफ क्लचवर बसलायस."

ती गाडीबद्दलच बोलत होती बहुतेक. मला ते लागायचं तिथे लागलं. सकाळी ताईपुढे मी तेच केलं होतं, धड हो नाही, धड नाही नाही. तिच्याशी मी कायमच तसा वागत आलो होतो. त्या जीपच्या गोष्टीबद्दल साधं 'चुकलो' असंही मी तिला कधी म्हटलं नव्हतं.

मी गाडी पार्कमध्ये टाकली, हँडब्रेक लावला, इंजिन चालू ठेवलं म्हणजे आतला पंखा फिरत राहील, आणि खाली उतरलो. टँकरवाल्याला हात जोडून दाखवले. भाचीने खिडकीतून मेकअपच्या पाऊचमधली छोटी कात्री पुढे केली. मी ती घेतली नाही. कापायचा धीर मला होत नव्हता. ताईने सुतळीच्या सहा गाठी मारल्या होत्या, एकेक अशी की सुटता सुटू नये. जाळी हाताला भाजत होती. दोन गाठी नखांनी सुटल्या, तिसरीला नख मोडलं, उरलेल्या दातांनी सोडवल्या. भर रस्त्यात, नवरीच्या गाडीपुढे गुडघे टेकून, तोंडात सुतळी धरून. सुटलेलं तोरण रस्त्यावर ठेववेना, म्हणून गळ्यात घातलं.

बाजूचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "काका, नवरदेव तुम्हीच काय?"

"मामा आहे मी," मी ओरडलो.

काटा उतरायला बारा मिनिटं लागली. त्या बारा मिनिटांत पुढची रांग सरकली, आमच्या बाजूंनी लोक शिव्या देत गेले आणि ताईचे चार फोन आले. भाचीने एकही उचलला नाही. अकराला पाच कमी असताना अक्षरं गेली. आता तिला हवी होती फक्त मोकळी जागा, एकदा नीट निघायला. पण जागा दिसली की कोणी ना कोणी आत घुसत होतं.

मग भाचीने खिडकीतून हात बाहेर काढला. मेंदीचा, हिरव्या चुड्याचा हात, पंजा उघडून. शिरू पाहणारा एक रिक्षावाला थांबला. त्याच्या मागची बाईक थांबली. टँकरवाल्याचा हॉर्न बंद झाला. समोर दोन गाड्यांची जागा झाली, मग तीन गाड्यांची, आणि त्या जागेत कोणीही शिरलं नाही. मी ब्रेक सोडला आणि ऍक्सिलरेटर नीट दाबला. पहिला, दुसरा, गिअर कधी बदलले ते कळलंसुद्धा नाही. पुलाच्या माथ्यावर वारा थेट जाळीत शिरला.

हॉलवर पोचलो तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. ताई फाटकात उभी होती. तिने आधी लेकीकडे बघितलं, मग गाडीच्या उघड्या तोंडाकडे, मग माझ्या गळ्यातल्या तोरणाकडे. बायका भाचीला गौरीहराकडे घेऊन पळाल्या. आम्ही दोघंच उरलो.

"ताई," मी म्हणालो, "सकाळीच सांगायला हवं होतं. चुकलो मी. तेव्हाही चुकलो."

तिने माझ्या गळ्यातलं तोरण काढून हातावर घेतलं. मग दुसऱ्या हाताने माझा कान धरला आणि पिळला, चांगला जोरात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिच्याही डोळ्यांत आलं होतं. तोरण घेऊन ती आत गेली आणि हॉलच्या दाराला बांधायला लागली.

मी अंतरपाटाजवळच्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो, पाणीसुद्धा प्यायला गेलो नाही. अकरा पस्तीसला गुरुजींनी माइक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." त्यांना दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही. भाचीचा हात धरून मी निघालो तेव्हा माझा कान अजून दुखत होता.