ब्लिट्झक्रीगचे दोन मार्क

“सर, हे दोन मार्क कापा,” म्हणत शिंदे मॅडमनी उत्तरपत्रिका माझ्यापुढं सरकवली. मॅडम आमच्या इतिहास विभागाच्या प्रमुख आणि त्या पेपरच्या मॉडरेटर. मॉडरेटर म्हणजे आम्ही तपासलेले पेपर पुन्हा बघून आमच्या चुका काढणारी व्यक्ती.

पडेगावच्या बाजूला आमचं कॉलेज. पेपर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, विषय दुसरं महायुद्ध. पहिला प्रश्न नेत्यांच्या जोड्या लावण्याचा: चर्चिल, स्टालिन, मुसोलिनी, तोजो. दुसरा संज्ञांचा. तपासताना आमच्या हातात मॉडेल आन्सर असतं आणि त्यात ठळक केलेले कीवर्ड. कीवर्ड दिसला की मार्क, नाही दिसला तर शून्य. सगळ्यांना सारखा न्याय मिळावा म्हणून ही सोय आहे म्हणे.

संज्ञा होती ब्लिट्झक्रीग, म्हणजे जर्मनीची झंझावाती चढाई. रणगाडे आणि विमानं एकाच ठिकाणी एकदम घुसवायची, समोरच्याला सावरू द्यायचं नाही. कीवर्ड दोनच: रणगाडे, विमाने.

गठ्ठ्यातल्या बहुतेकांनी एकाच गाइडमधलं वाक्य उतरवलं होतं. शेवटच्या ‘आकृती पाहा’सकट. आकृती कुणीच काढली नव्हती. मी सगळ्यांना दोन-दोन मार्क दिले. कीवर्ड होते ना!

मग हा पेपर आला. “लांडगा सगळ्या कळपाशी झुंजत नाही. एक कमजोर जागा हेरतो आणि तिथून एकदम मध्ये घुसतो. कुत्रं भुंकायच्या आत कळप फुटतो. फुटलेली मेंढरं मग कुणाला राखता येत नाहीत. हिटलरनं पोलंडचं तेच केलं.”

वीस वर्षं मी हा विषय शिकवतोय. इतकं नेमकं मला एकदाही सांगता आलेलं नाही. मी खुशीत दोन मार्क देऊन टाकले होते.

“मॅडम, ज्यानं लिहिलंय त्याला समजलंय,” मी म्हणालो.

“समजल्याचे मार्क कुठं लिहिलेत? रणगाडा दाखवा.”

“रणगाडा नाही, पण...”

“उद्या कुणी कोल्हा लिहील. ह्या एका पेपरसाठी सगळा गठ्ठा परत तपासता का?”

गठ्ठा शंभरावर पेपरांचा होता आणि मला घरी जायचं होतं. मी दोनावर काट मारली, शून्य लिहिलं, शेजारी सही केली. खरं सांगायचं तर तेव्हा फारसं वाईटही वाटलं नाही.

पेपरवर नाव नसतं, कोड नंबर असतो. नाव कळलं ते निकालानंतर. मंगल स्टाफरूमच्या दारात उभी होती, हातात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. गंगापूर तालुक्यातल्या मेंढपाळाची पोर, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. एका मार्कानं नापास. ग्रेस मार्क आधीच इंग्रजीत संपलेले.

“सर, ही सही तुमचीच ना?”

“हो.”

“आधी तुमी दोन दिलेले दिसत्यात. मंग माजं बरोबरच व्हतं की.”

“कीवर्ड नव्हते. फेरपरीक्षेचा फॉर्म भर. या वेळी गाइडमधलंच लिही.” हे मी म्हटलं, एका शिक्षकानं. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

“फॉर्म कोन भरू देतंय, सर? आबा म्हनले व्हते, पास झालीस तर शीक, नाय तर मेंढरांमागं चल. लई झालं म्हनले शिक्षन.”

“मी बोलतो आबांशी.”

“ते कळप घिऊन वेरूळकडं गेलेत. परवा मलाबी जायचंय.”

त्याच दिवशी मी परीक्षा समितीला अर्ज केला. वरातीमागून घोडं. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. गुण बदलता येणार नाहीत. मूळ परीक्षकानं कपात मान्य करून सही केलेली आहे.

फेरपरीक्षेच्या यादीत मंगलचं नाव नव्हतं.

नव्या प्राध्यापकांना मी आता एवढंच सांगतो. पटत नसेल तिथं सही करू नका. कापायचे तर मॉडरेटरला त्याच्या हातानं कापू द्या. मार्क तरीही जातात, पण निदान पुढं दाद मागायला जागा राहते. हे शहाणपण मला आलं, आणि त्याची किंमत त्या पोरीनं मोजली.