कुलूपवाल्याने न उघडलेली ट्रंक

चौकातल्या कुलूपवाल्याला कुणी विचारलं, "त्या प्रार्थना मंडळात गेलातच कशाला हो?" तर तो सरळ सांगतो, "जीव वाचवायला." खोटं नव्हतं ते. दारूपायी हात असे थरथरायचे की किल्लीवर कानस धड चालेना. बायको निघून गेली, गिऱ्हाईकं तुटली. तेव्हा मंडळातला एक सुतार अकरा दिवस त्याच्या उशाशी बसला. ओकाऱ्या पुसल्या, चमच्याने पाणी पाजलं. बाराव्या दिवशी कुलूपवाला त्याच्यामागोमाग प्रार्थनेला गेला आणि तिथलाच होऊन राहिला.

नियम कडक होते. वर्तमानपत्र नाही, गाणं नाही, दर आठवड्याला सगळ्यांदेखत आपली चूक सांगायची. मोठी बहीण एकदा म्हणाली, "अरे, दारू सोडलीस की हसणं?" हे मंडळाच्या प्रमुखांच्या कानावर गेलं. त्यांनी फर्मावलं, तिच्याशी संबंध तोड. त्याने तोडला, तो नऊ वर्षं. बाटलीपेक्षा बहीण गेलेली परवडली, अशी तो मनाची समजूत घालायचा.

मग एका सकाळी प्रमुख त्याला मावशींच्या खोलीत घेऊन गेले. मावशी मंडळाचा स्वयंपाक करायच्या. त्यांची मुलगी मंडळ सोडून गेलेली. ती चोरून पत्रं पाठवते, असा प्रमुखांना संशय.

"त्या प्रार्थनेला बसल्यात तोवर ही ट्रंक उघड."

कुलूप कसलं, केसातल्या पिनेनेही उघडलं असतं! त्याने ते उलटंसुलटं केलं आणि सोडून दिलं.

"उघडत नाही."

"उघडत नाही, की उघडायचं नाही?"

"उघडायचं नाही. ज्याचं कुलूप, त्याने सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही."

"मग चालता हो. बाहेर गेलास की पुन्हा पिशील."

घाव वर्मी बसला. तरी त्याने अवजारांची पिशवी उचलली. वाटेत मावशींना खुणेने बाहेर बोलावलं आणि पत्रं हलवायला सांगितलं. फाटकाशी सुतार भेटला. गेलेल्याशी बोलायची बंदी होती, पण त्याने खांद्यावर हात ठेवला. "जप रे," एवढंच म्हणाला.

बहिणीने दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चपला बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय." आणि मग हुंदका आवरेना. "नऊ वर्षं, गाढवा!"

दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीची नक्कल केली, तर तो ठसका लागेपर्यंत हसला. सवयीने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

मावशी मात्र मंडळातच राहिल्या. "माझी माणसं तिथेच आहेत रे, या वयात कुठे जाऊ?" असं त्या म्हणतात. मुलीची पत्रं आता कुलूपवाल्याच्या दुकानाच्या पत्त्यावर येतात. बाजारहाटाला निघाल्या की मावशी तिथल्या स्टुलावर बसून ती दोनदा वाचतात.

पहिले सहा महिने तो दारूच्या गुत्त्याला वळसा घालून जायचा. एक दिवस ताईने भाजी आणायला पाठवलं, तेव्हा कसल्याशा विचारात सरळ रस्त्याने गेला, आणि पुढच्या वळणावर त्याच्या लक्षात आलं. धापा टाकत घरी पोचला.

"ताई, गुत्ता मागे गेला, मला कळलंही नाही!"

"आणि भाजीवाली?" ताईने विचारलं. "तीही मागेच गेली वाटतं."